पद्मिनीचे सस्पेन्शन: न मिळणारे भाग कोठे शोधावेत आणि जुने भाग कसे वाचवावेत

आपली गाडी १९७८ची प्रीमियर पद्मिनी असून ती मालवणजवळच्या घरी बरीच वर्षे शेडमध्ये उभी होती. आता चालवायला घेतल्यावर पुढची चाके डुगडुगतात, खड्ड्यातून जाताना ठोका ऐकू येतो आणि मागून पाहिल्यास गाडी एका अंगाला झुकलेली दिसते. गॅरेजवाल्याचे म्हणणे असे, की या गाडीचे सामान आता येत नाही, तेव्हा पुढचे सस्पेन्शन काढून दुसऱ्या गाडीचे बसवावे. हा सल्ला मानावा का, आणि मानायचा नसेल तर भाग कोठून आणावेत व जुन्यांपैकी कोणते दुरुस्त होतात, असे आपण विचारले आहे.

सल्ला मानू नये. पद्मिनीच्या सस्पेन्शनमध्ये जे भाग झिजतात ते जवळजवळ सगळे आजही महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नव्याने करून घेता येतात, आणि जे भाग छोट्या कारखान्यात करता येत नाहीत ते सहसा झिजत नाहीत. गाडी आखणाऱ्यांनी झीज मुद्दाम स्वस्त, बदलता येण्याजोग्या भागांवर टाकलेली असते: किंगपिन (ज्या उभ्या पिनवर पुढचे चाक वळते ती), त्याचे बुश (पिनभोवतीच्या अस्तराच्या नळ्या), सायलेंट ब्लॉक (दोन नळ्यांमध्ये रबर चिकटवलेला सांधा), शॅकलचे (मागच्या कमानीचे टोक गाडीला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) रबर, शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर). घडाईचा स्टब ॲक्सल (पुढचे चाक ज्यावर फिरते तो छोटा आस), दाबकामाचे आर्म (चाक गाडीशी जोडणारे वरखाली हलणारे हात), स्टिअरिंगचे हात हे भाग अपघात, गंज किंवा तेल-ग्रीसची उपेक्षा झाली तरच वाया जातात. म्हणून बाजारात शोधायची यादी आपण समजता त्यापेक्षा पुष्कळ लहान निघेल, आणि सगळी शोधाशोध त्या थोड्या भागांसाठी राखून ठेवावी.

थोडी पार्श्वभूमी उपयोगी पडेल. ही गाडी मुळात इटलीची फियाट ११००डी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती १९६४पासून येथे बनवली, १९७४पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले आणि २०००च्या सुमारास उत्पादन थांबले. पुढे दुहेरी आर्म, कॉइल स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (वळणावर गाडी फार झुकू न देणारी दांडी), मागे सलग ॲक्सल आणि पाट्यांच्या कमानी (लीफ स्प्रिंग), ही मूळ रचना एवढ्या वर्षांत कायम राहिली. मुंबईच्या टॅक्सी याच गाडीच्या असल्यामुळे या भागांना गिऱ्हाईक रोजचे होते आणि दुकानदार माल भरून ठेवत. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा लागू झाली आणि ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा हे रोजचे गिऱ्हाईक संपले. माल एका दिवसात नाहीसा झालेला नाही. तो काउंटरवरून माळ्यावर गेला आहे, आणि माळ्यावरचा माल मागायची पद्धत वेगळी असते. तिच्याकडे पुढे येतो.

पण बाजारात जाण्याआधी गाडीखाली शिरून ती नीट तपासावी, कारण ‘पुढचे सगळे गेले आहे’ हे निदान नव्हे. पुढच्या खालच्या आर्मखाली जॅक लावून चाक अधांतरी करावे, म्हणजे स्प्रिंगचा जोर सांध्यांवरून उतरतो आणि ढिलाई हाताला कळते. चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवावे. हलत असेल तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवावे. ढिलाई नाहीशी झाली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा आहे, तशीच राहिली तर किंगपिन किंवा आर्मच्या सांध्यांचा. मग टॉर्चच्या उजेडात नेमका कोणता सांधा हलतो ते पाहावे. चाक डावी-उजवीकडे धरून हलवल्यास जी ढिलाई मिळते ती बहुधा टाय रॉडच्या टोकांची किंवा स्टिअरिंग बॉक्सची असते आणि तिच्यासाठी किंगपिन बदलण्यात अर्थ नसतो. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत बेअरिंगमधले ग्रीस सुकून त्यांवर गंजाचे डाग पडलेले असतात, त्यामुळे बेअरिंग बदलण्याचा खर्च मात्र आधीच गृहीत धरावा. बेअरिंग प्रमाणित मापाची असतात, त्यांच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो आणि त्या क्रमांकाने ती कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात.

भाग काढताना प्रत्येक बोल्ट, वॉशर आणि शिम (अंतर भरणारी पातळ चकती) कोठून निघाली याची चिठ्ठी बांधून ठेवावी आणि मोबाइलवर फोटो काढावेत. शिमांची जाडी आणि संख्या डाव्या-उजव्या बाजूला वेगळी असू शकते. ती चाकांच्या कोनासाठी ठेवलेली असते आणि एकदा मिसळली की पुन्हा शोधावी लागते. कॉइल स्प्रिंग काढण्यासाठी चांगल्या दर्जाचा कॉम्प्रेसर वापरावा. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा जीव घेण्याइतकी शक्ती असते, त्यामुळे दोरी किंवा तारेने बांधून काढण्याचा प्रकार कोणी सुचवला तर ते काम त्या ठिकाणी करू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, जुना भाग कितीही झिजलेला असला तरी नवा भाग गाडीत बसून चालेपर्यंत तो भंगारात देऊ नये. त्याच्या न झिजलेल्या भागावरच मूळ माप शिल्लक असते. जुने सामान गॅरेजमध्येच टाकून येण्याची आपल्याकडची सवय या बाबतीत फार महाग पडते.

आता किंगपिन. हा दिसायला साधा दंडगोल असल्यामुळे कोणताही टर्नर ‘करून देतो’ म्हणतो, आणि गडबड येथेच होते. पिनचा पृष्ठभाग बुशमध्ये घासला जात असल्याने तो अतिशय कठीण हवा, पण गाभा चिवट हवा, कारण प्रत्येक खड्ड्याचा हादरा त्यावर येतो. ईएन ८ या साध्या पोलादाच्या चकचकीत रॉडमधून लेथवर काढलेली पिन नवी असताना अगदी बरोबर बसते आणि थोड्याच दिवसांत झिजते. याउलट संपूर्ण कडक केलेली पिन झिजत नाही, पण एखाद्या दिवशी तुटते, आणि किंगपिन तुटणे म्हणजे चालत्या गाडीचे चाक निखळणे. म्हणून पिन केस हार्डनिंगच्या, म्हणजे फक्त पृष्ठभाग कठीण करता येणाऱ्या, पोलादातूनच करावी. ईएन ३५३ किंवा २० एमएनसीआर ५ ही पोलादे गिअर बनवणाऱ्यांकडे नेहमी वापरात असतात. पिन अंतिम मापापेक्षा व्यासाला सुमारे ०.३ मिमी जाड ठेवून टर्न करावी, कार्बुरायझिंगने (भट्टीत पृष्ठभागात कार्बन मुरवून) सुमारे १ मिमी खोलीचा कठीण थर द्यावा, पृष्ठभागाचा कठीणपणा रॉकवेल सी मोजपट्टीवर ५८ ते ६२ यावा आणि त्यानंतर सिलिंड्रिकल ग्राइंडरवर अंतिम माप काढावे. भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीत आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हे सर्व टप्पे करणारे कारागीर एकमेकांजवळ सापडतात. भट्टीवाले वजनावर पैसे घेतात आणि कमीत कमी रकमेची अट घालतात, पण त्याच पोलादाची दुसऱ्याची खेप जाणार असेल तर आपल्या दोन पिना तिच्यात टाकून देतात; त्यासाठी चार दिवस थांबायची तयारी दाखवावी. पिनांबरोबर त्याच रॉडचा एक तुकडा भट्टीत घालून तो नंतर कापून तपासावा, म्हणजे थराची खोली प्रत्यक्ष दिसते.

जुनी पिन वाचवण्याचाही एक प्रतिष्ठित मार्ग आहे. मूळ पिनचा कठीण थर बराच खोल असतो, त्यामुळे झीज थोडी असेल तर बुशमध्ये फिरणारा तिचा भाग व्यासाला ०.१ ते ०.२ मिमीने घासून पुन्हा गोल करता येतो आणि बुशचे आतले माप तेवढेच लहान ठेवता येते. पिनचा जो भाग घट्ट बसतो त्याला मात्र ग्राइंडरचा स्पर्शही होऊ देऊ नये. हार्ड क्रोम चढवून माप वाढवण्याचा सल्लाही आपल्याला मिळेल. किंगपिनसाठी मी तो टाळतो, कारण जाड क्रोम हादऱ्यांनी कडेला सुटतो, आणि प्लेटिंगच्या वेळी पोलादात शिरलेला हायड्रोजन भाग ठिसूळ करतो. ज्यांना क्रोम करायचाच आहे त्यांनी प्लेटिंग झाल्यावर काही तासांच्या आत भाग सुमारे २०० अंश सेल्सिअसला कित्येक तास तापवून घेतला पाहिजे. छोट्या प्लेटिंगवाल्याकडे ही सोय आहे का ते आधी विचारावे.

पिन कितीही उत्तम झाली तरी काम बुशवर बिघडते. बुश फॉस्फर ब्राँझचा करावा. पितळेचा बुश रंगाने जवळपास तसाच दिसतो, पण तो लवकर पसरतो. बुश आपल्या घरात प्रेसने घट्ट बसवल्यावर किंचित आवळला जातो, म्हणून आतले अंतिम माप बसवल्यानंतरच रीमरने (छिद्र अचूक मापाला आणणाऱ्या हत्याराने) काढायचे असते. वरचा आणि खालचा बुश एकाच लांब रीमरने, एका टोकाला आधार देऊन, एका रेषेत रीम केले पाहिजेत. दोन्ही वेगवेगळे रीम केले तर प्रत्येकाचे माप बरोबर असूनही त्यांचे अक्ष जुळत नाहीत, पिन दोन कडांवरच टेकते, स्टिअरिंग जड होते आणि थोड्याच किलोमीटरांत पुन्हा ढिलाई येते. ‘किंगपिन टाकून सहा महिने झाले नाहीत तोच गेले’ ही तक्रार ऐकली की मी पिन पाहण्याआधी बुशवरच्या खुणा पाहतो, आणि बहुतेक वेळा झीज समोरासमोरच्या कोपऱ्यांवर सापडते. पिन आणि बुशमध्ये ०.०२ ते ०.०५ मिमी फट असावी. तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने सरकली पाहिजे, स्वतःच्या वजनाने खाली पडता कामा नये. बुशमधले छिद्र ग्रीस निपलच्या छिद्रासमोर आले आहे याची खात्री बुश दाबण्यापूर्वी करावी. हे छिद्र न जुळल्यामुळे वर्षानुवर्षे ग्रीस भरूनही कोरड्या राहिलेल्या पिना मी गाड्यांमधून काढल्या आहेत.

सायलेंट ब्लॉकचा प्रश्न वेगळा आहे, कारण रबर शेल्फवरही म्हातारे होते. कंपनीच्या जुन्या पुड्यातला, कधीच न वापरलेला सायलेंट ब्लॉक मिळाला म्हणजे घबाड मिळाले असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. वीस-पंचवीस वर्षे पडून राहिलेले रबर नखाने दाबल्यास लवचीकपणे परत आले नाही, किंवा वाकवल्यावर त्यावर बारीक भेगा दिसल्या, तर ते नवे असले तरी निरुपयोगी आहे. जुना धातूचा भाग आनंदाने घ्यावा, जुने रबर घेऊ नये, हा माझा खरेदीचा नियम आहे.

नवा सायलेंट ब्लॉक करून घ्यायचा तर त्याची चार मापे लागतात: आतल्या नळीचा आतला व्यास आणि लांबी, आणि बाहेरच्या नळीचा बाहेरचा व्यास आणि लांबी. आधी ही मापे घेऊन टेम्पो, रिक्षा, ट्रॅक्टर अशा वाहनांचे बुश ठेवणाऱ्या दुकानात बसावे आणि नावाने न मागता व्हर्नियर घेऊन मापाने शोधावे, कारण कितीतरी बुश निरनिराळ्या वाहनांत जवळपास एकाच मापाचे असतात. लांबीत मिलिमीटरभर फरक वॉशरने किंवा लेथने भरून निघतो, व्यासातला फरक भरून निघत नाही. मापात बसणारा मिळाला तरी तो आपल्या गाडीच्या वजनाच्या वाहनाचा आहे ना हे पाहावे. जड वाहनाचा कडक बुश बसवला तर प्रत्येक खडा स्टिअरिंगमध्ये जाणवतो. नाहीच मिळाला तर रबर मोल्डिंग करणाऱ्या कारखान्याकडे साचा करून घ्यावा. रबर नैसर्गिक असावे आणि शोअर ए मोजपट्टीवर साधारण ६० कठीणपणाचे असावे, कारण सायलेंट ब्लॉकचे काम पिळले जाऊन पुन्हा मूळ स्थितीत येण्याचे आहे आणि हा पीळ नैसर्गिक रबर सर्वांत जास्त काळ सहन करते. नळ्या वाळूच्या फवाऱ्याने स्वच्छ करून, बाँडिंगचे रसायन लावून, त्यांच्यामध्येच रबर शिजवले पाहिजे. नळीत नुसती रबराची गुंडी ठोकून दिलेला बुश पिळत नाही, घसरतो आणि करकरतो. साच्याचा खर्च दोन-चार नगांसाठी परवडत नाही, त्यामुळे आणखी काही पद्मिनीमालक गाठून एकत्र खेप काढणे हा व्यवहार्य मार्ग आहे. पॉलियुरेथेनच्या बुशांची जाहिरात जोरात असते. अँटी-रोल बारच्या टेकूंना ते चालतात. आर्मच्या सांध्यांत बसवले तर त्यांचा कडकपणा त्या पातळ पत्र्याच्या आर्मवर आणि पुढच्या क्रॉस मेंबरच्या (सस्पेन्शन धरणाऱ्या आडव्या तुळईच्या) बोल्टांवर ताण टाकतो, म्हणून तेथे मी ते बसवत नाही.

कॉइल स्प्रिंगबद्दल एकच हिशेब लक्षात ठेवावा. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ मिमी तारेऐवजी १२.५ मिमी तार घेतली आणि बाकी सगळे तसेच ठेवले, तर स्प्रिंग सुमारे १८ टक्क्यांनी कडक होते. म्हणून ‘जवळपास तशीच’ स्प्रिंग असा काही प्रकार नसतो. तारेचा व्यास रंग आणि गंज काढून मायक्रोमीटरने मोजावा, वेटोळ्यांचा बाहेरचा व्यास, एकूण वेटोळी आणि मोकळी लांबी लिहून घ्यावी, आणि दोन्ही स्प्रिंगा प्रेसवर सारख्याच वजनाखाली दाबून त्यांची उंची ताडून पाहावी. दोन्ही सारख्या उतरत असतील आणि गंजाचे खोल खड्डे नसतील तर त्या स्वच्छ करून, रंगवून पुन्हा वापराव्यात. एक बसलेली आणि एक ठीक असेल तर जोडीच बदलावी. बसलेल्या स्प्रिंगखाली रबराचे तुकडे घालणे, वेटोळे कापणे किंवा गॅसच्या ज्योतीने तापवून ताणणे यांपैकी काहीही करू नये; ज्योत लागली तेथे पोलादाचे पाणी उतरते आणि स्प्रिंग नेमकी तेथेच तुटते.

आपल्या गाडीचे झुकणे मागच्या कमानीमुळे असण्याची शक्यता अधिक, आणि समुद्राकाठच्या गाडीत मी तेथे विशेष काळजी घेतो. खारी हवा पाट्यांच्या मध्ये शिरून गंज धरते. गंजाचा प्रत्येक खड्डा भविष्यातल्या भेगेचा आरंभ असतो. गोवा आणि कोकणातल्या गाड्यांचे पाटे वरून ठीक दिसतात आणि कमान खोलल्यावर मधल्या पाट्यांच्या पाठी खपलीसारख्या सुटतात. कमान पूर्ण खोलून, पाटे घासून, मुख्य पाट्याच्या डोळ्याजवळ आणि सेंटर बोल्टच्या छिद्राजवळ भेगा शोधाव्यात. नुसताच बाक उतरला असेल तर कमानीवाल्याकडून पाटे थंडच ठोकून बाक परत आणता येतो, पण तो फार काळ टिकत नाही. चांगले काम म्हणजे पाटे भट्टीत लाल करून साच्यावर बाक देणे, तेलात विझवणे आणि पुन्हा साधारण ४५० अंशांना तापवून ठिसूळपणा काढणे. यातला शेवटचा टप्पा रस्त्याकडेच्या दुकानात बहुधा गाळला जातो. नवा पाटा हवा असेल तर ईएन ४५ जातीची पट्टी मूळ जाडीचीच घ्यावी. पाट्याच्या जाडीचा परिणाम तिसऱ्या घाताने होतो, म्हणून ६ मिमीऐवजी ६.५ मिमी घेतली तर तो पाटा एकचतुर्थांशापेक्षा जास्त कडक होतो. झुकणे घालवण्यासाठी एका बाजूला जादा पाटा टाकण्याची प्रथा सरसकट आहे आणि ती सर्वस्वी चुकीची आहे. यू-बोल्ट, सेंटर बोल्ट आणि शॅकलचे रबर प्रत्येक वेळी नवे घालावे, आणि पाट्यांच्या मध्ये ग्राफाइट ग्रीस लावावे.

शॉकअपवर फार वेळ घालवू नये. जुने शॉकअप कापून, तेल भरून पुन्हा वेल्ड करणारे कारागीर आहेत, परंतु आतल्या झडपांची झीज तेलाने भरत नाही. पूर्ण उघडलेली लांबी, पूर्ण मिटलेली लांबी, दोन्ही टोकांची जोडणी आणि बाहेरचा व्यास ही मापे जुळणारा नवा शॉकअप घ्यावा, तोही जोडीने. मिटलेली लांबी जास्त असेल तर मोठ्या खड्ड्यात सस्पेन्शनआधी शॉकअपच टेकतो आणि त्याची जोडणी उखडते, त्यामुळे चारही मापांत हे माप सर्वांत जपून पाहावे.

यानंतर उरतात ते घडाईचे आणि दाबकामाचे भाग, आणि येथे दुरुस्तीची हौस आवरली पाहिजे. स्टब ॲक्सल, स्टिअरिंगचे हात आणि आर्म स्वच्छ करून त्यांची डाय पेनिट्रंट चाचणी करावी: आधी क्लीनर, मग लाल रंग, तो थोड्या वेळाने पुसून मग पांढरी भुकटी, आणि भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तीन डब्यांचा हा संच वेल्डिंगच्या दुकानात मिळतो आणि घरीही वापरता येतो. डावा आणि उजवा आर्म सपाट पृष्ठभागावर ठेवून तुलना केली की वाकलेला भाग लगेच कळतो. स्टब ॲक्सलवर बेअरिंग बसण्याची जागा झिजली असेल तर तेथे वेल्ड भरून टर्न करणे मी कधीही मान्य केलेले नाही. वेल्डच्या कडेला पोलादाची रचना बदलते आणि तो भाग नेमका जास्तीत जास्त ताणाच्या जागी असतो. भेग गेलेला स्टब ॲक्सल, गंजाने पातळ झालेला किंवा वाकलेला आर्म, तापवून सरळ केलेला स्टिअरिंगचा हात हे बाद समजावेत. बाजारात शोधायची खरी यादी एवढीच आहे.

शोधायचे कोठे? मुंबईत ऑपेरा हाउस भागातली सुट्या भागांची जुनी दुकाने आणि कुर्ला-कलिना पट्ट्यातले भंगारवाले, पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार, दिल्लीत काश्मिरी गेट, चेन्नईत पुदुपेट, बेंगळुरूत जे. सी. रोड आणि कोलकात्यात मल्लिक बाजार ही ठिकाणे या कामासाठी आजही उपयोगाची आहेत. दुकानात जाऊन ‘पद्मिनीचा स्टब ॲक्सल आहे का’ असे विचारल्यास ‘नाही’ हेच उत्तर येते, कारण काउंटरवरच्या तरुणाने तो कधी पाहिलेला नसतो. जुना भाग हातात घेऊन जावे, गाडीच्या जुन्या पार्ट्स कॅटलॉगमधला क्रमांक लिहून न्यावा आणि दुकानातल्या सर्वांत वयस्क माणसाला भेटावे. माळ्यावर काय पडले आहे ते त्यालाच ठाऊक असते. जिल्ह्याच्या ठिकाणची, टॅक्सी आणि वडाप चालत असे अशा मार्गांवरची जुनी गॅरेजेही सोडू नयेत. भंगारवाल्याकडून एखादा सुटा भाग घेण्यापेक्षा, शक्य असेल तर, एका गाडीचे संपूर्ण पुढचे सस्पेन्शन क्रॉस मेंबरसकट घ्यावे. एकत्र झिजलेले आणि एकमेकांत बसलेले भाग मिळतात, दोन्ही बाजूंची तुलना करता येते आणि बोल्टही मूळचे मिळतात. परदेशाचा विचार करायचा झाल्यास इटलीत ११००च्या १०३ मालिकेचे जाणकार विक्रेते आहेत. मात्र कुर्ल्यात इतकी वर्षे बनलेल्या गाडीत काही तपशील बदललेले असू शकतात, म्हणून केवळ मॉडेलच्या नावावर पैसे न पाठवता विक्रेत्याकडून मापांसह फोटो मागवावा, आणि टपालखर्चात सीमाशुल्क धरून मगच हिशेब करावा.

नव्या म्हणून मिळणाऱ्या डुप्लिकेट किंगपिनची परीक्षा सोपी आहे. बारीक कानस पिनच्या टोकाजवळ, जेथे बुश येत नाही तेथे, हलकेच फिरवावी. कठीण पृष्ठभागावरून कानस घसरते, मऊ पोलादाला ती चावते. दुकानदार कानस लावू देत नसेल तर ती पिन घेऊ नये. आणि बोल्टांच्या बाबतीत, फियाटचे आटे मेट्रिक आहेत, अँबॅसेडरचे इंची; जुन्या गॅरेजच्या एकाच डब्यात दोन्ही मिसळलेले असतात आणि जवळच्या मापाचा चुकीचा बोल्ट दोन आटे चढून अडकतो. सस्पेन्शनचे बोल्ट किमान ८.८ ग्रेडचे, डोक्यावर खूण असलेलेच घ्यावेत.

दुसऱ्या गाडीचे सस्पेन्शन बसवण्याविरुद्ध माझे एक कारण कायद्याचेही आहे. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते, पण चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरबदल झालेला नसावा लागतो. आपली गाडी २०२८मध्ये त्या वयाची होईल. पुढचा भाग कापून वेल्ड केला तर तो हक्क आपण आजच गमावाल, शिवाय चाकांचे कोन आणि स्टिअरिंगची भूमिती कोणीही न तपासलेली अशी गाडी कुटुंबासह घाटात न्यावी लागेल.

जोडणी करताना एक गोष्ट फार थोडे लोक पाळतात. सायलेंट ब्लॉकचे आणि शॅकलचे नट गाडी जॅकवर असताना फक्त हातघट्ट ठेवावेत, गाडी चारही चाकांवर उतरवावी, पुढे-मागे चार-सहा वेळा दाबून बसू द्यावी, आणि मगच ते पूर्ण आवळावेत. चाके लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. मग शिम मूळ जागी आहेत याची खात्री करून चाकांचे अलाइनमेंट करावे. आजच्या संगणकी यंत्रात पद्मिनीची मापे बहुधा नसतात, तेव्हा सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा स्वतः बरोबर न्यावा. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणि आर्मचे बोल्ट पुन्हा आवळावेत, टायर एका कडेने घासला जात नाही ना ते हाताने चाचपावे. किंगपिनला दर दीड-दोन हजार किलोमीटरला, आणि पावसाळ्यात त्याहून लवकर, चाक अधांतरी करून ग्रीस भरावे. चाक जमिनीवर असताना भरले तर भार आलेल्या बाजूला ग्रीस पोहोचत नाही. वरच्या आणि खालच्या दोन्ही बुशांच्या कडेने जुने काळे ग्रीस जाऊन नवे बाहेर दिसेपर्यंत गन थांबवू नये.